पोट मऊ

आजारी पडणं हा आमचा धंदा. हे ऐकलं की लोक आधी हसतात, मग जरा सरकून बसतात, म्हणून लगेच सांगून टाकते, खोटं आजारी पडणं. मेडिकल कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या मुलांची परीक्षा असते. खरा पेशंट प्रत्येक मुलाला तीच तक्रार त्याच शब्दांत सांगेल याचा भरवसा नसतो. दोघांना सांगून तिसऱ्यावर तो खेकसतो, नाहीतर झोपून जातो. म्हणून आमच्यासारख्यांना बोलावतात. माझा नवरा पेशंट होतो आणि मी पेशंटची बायको.

त्याआधी तो रंगभूमीवर होता. म्हणजे तिसऱ्या अंकात निरोप घेऊन येणाऱ्यांत होता. मी विंगेत पुस्तक धरून प्रॉम्प्टिंग करायचे. माझी उमेदीची वर्षं दुसऱ्यांची वाक्यं पुटपुटण्यात गेली, त्यामुळे कुणी वाक्य चुकलं की अजूनही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. घरी मी त्याला अरे-तुरे करते, परीक्षेत 'अहो' म्हणते, आणि रागावले की 'आमचे कलावंत' म्हणते. या वर्षीच्या परीक्षेच्या दिवशी सकाळपासून तो कलावंतच होता.

या कामाचे नियम कडक असतात. घंटा होईपर्यंत भूमिका सोडायची नाही. आम्हाला दिलेल्या कार्डावर जे लिहिलंय त्यापलीकडे एक शब्द बोलायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे उत्तर फोडायचं नाही. रोगाचं नाव ज्याच्या तोंडून बाहेर पडलं, त्याला कॉलेजचा दरवाजा कायमचा बंद. आमच्या आधी येणाऱ्या एक बाई एका रडवेल्या मुलाची दया येऊन नुसतं "पित्ताशय" एवढं पुटपुटल्या. त्या पुन्हा कुणाला दिसल्या नाहीत.

आणखी एक पद्धत आहे, ती समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. नाडी, ताप, लघवीची तपासणी, यातलं काहीच आमच्या अंगावर खरं बघत नाहीत. खोट्या पेशंटला ताप कुठून येणार? विद्यार्थी विचारतो आणि कोपऱ्यात बसलेले परीक्षक कार्डावरून वाचून दाखवतात. पोटाला हात मात्र विद्यार्थ्याने खरा लावायचा, कारण हात कसा लावतो याला गुण असतात. पण हाताला काय लागलं, तेही शेवटी कार्डच सांगतं. घामाचं खातं माझ्याकडे. पाण्यात ग्लिसरीन घालून एक फवारणीची बाटली मी पिशवीत ठेवते आणि मुलगा आत यायच्या आधी नवऱ्याच्या कपाळावर दोनदा दाबते.

गेल्या वर्षी त्याला फुटलेलं अपेंडिक्स मिळालं होतं. काय केलं होतं त्याने! फळीसारखा पडून राहिला, गुडघे वर घेऊन, श्वास नुसता छातीच्या वरवर. या वर्षी मुतखडा आला, म्हणजे नेमकं उलटं. आमचे परीक्षक निवृत्त सर्जन, आम्ही त्यांना सर म्हणतो. त्यांनी तालमीच्या दिवशीच बजावलं होतं.

"खड्याचा पेशंट गप्प पडूच शकत नाही. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी नळी असते बारीक. खडा अडकला की ती त्याला खाली ढकलायला आवळते. कळ येते, जाते, पुन्हा येते. माणूस उठतो, बसतो, जमिनीवर रांगतो, कसाही वळला तरी त्याला चैन नाही. आणि पोटात पू झालेला माणूस हलतच नाही. हलला की पोटाच्या आतलं अस्तर पेटतं. एवढा एक फरक या मुलांच्या डोक्यात शिरला तरी माझं भागलं."

"कळलं सर. तळमळायचं," माझा नवरा म्हणाला.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आम्ही घरी तालीम केली. मी विद्यार्थी झाले, पेशंटची बायको झाले आणि प्रॉम्प्टरही मीच. जेवायला बसलो तर त्याने ताट बाजूला सारलं. "भूकच नाही गं." मी खूश झाले. कार्डावर लिहिलेलंच होतं, अन्नावर वासना नाही. मग तो बेंबीभोवती हात फिरवायला लागला, तेव्हा मात्र मी ओरडले, "तिथे नाही! मागे, कमरेत. तिथून पुढे येऊन खाली जांघेत उतरतं. किती वेळा सांगू?" थोड्या वेळाने तो न्हाणीघरात गेला आणि उलटीचा आवाज आला. ओठ पुसत बाहेर आला, तोंड पांढरं पडलेलं. कार्डावर उलटी होतीच.

"शाबास!" मी म्हणाले. "आज खरा भूमिकेत शिरलास."

तोही हसला. "खरंच कळ येतेय असं वाटतंय. पाठांतर अंगात मुरलंय."

त्याचं हे नेहमीचं. आम्लपित्ताचा पेशंट झाला तेव्हा आठवडाभर ढेकरा देत होता. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. सकाळी कॉलेजच्या रस्त्याला तो उजवीकडे वाकून, पोटाशी हात धरून चालायला लागला, तेव्हा मी म्हटलं, "रस्त्यावर कशाला फुकट करतोस? आत गेल्यावर कर."

परीक्षेची खोली म्हणजे एका मोठ्या हॉलमध्ये पडदे लावून केलेले कप्पे. आमच्या कप्प्यात तपासायचं टेबल, माझी खुर्ची, विद्यार्थ्यासाठी स्टूल आणि कोपऱ्यात सर. मांडीवर कार्ड आणि गुणांचा कागद, चेहऱ्यावरची माशीही हलत नाही. घंटा झाली की एक मूल बाहेर, दुसरं आत.

पहिला मुलगा चुरचुरीत होता. त्याने स्वतःची ओळख दिली, हात धुतले, विचारलं, "कुठे दुखतंय काका?"

नवरा टेबलावर या कुशीवरून त्या कुशीवर होत होता. कण्हणं तर तालमीपेक्षाही सरस. पण त्याने एक बोट काढलं आणि पोटावर समोर, उजवीकडे खाली टेकवलं. "आधी बेंबीपाशी होतं. आता इथे येऊन बसलंय."

कार्डात हे कुठेच नव्हतं! माझ्या जिभेला वळण पडलेलं, मी लगेच वाक्य उचललं. "नाही हो डॉक्टर, कमरेतून निघतं आणि खाली जांघेत जातं. काल मला असंच सांगत होते. आत्ता कळ आलीय ना, म्हणून सुचत नाहीये त्यांना."

मुलाने मान डोलावली. मग माझं ठरलेलं काम आलं. या भूमिकेतली बायको मध्येच भडकते, उठून उभी राहते आणि ओरडते, "अहो, काहीतरी करा! नुसते प्रश्न काय विचारताय? हे मरतील इथे!" तिला शांत करायचे गुण वेगळे असतात. मुलाने मला शांत केलं, मुतखडा म्हणाला, घंटा झाली, गेला.

पडदा पडल्या पडल्या मी वाकले. "हे काय चाललंय तुझं? बेंबी कुठून आली?"

"अगं, खरंच दुखतंय."

"दिसतंय ना. पण चुकीच्या जागी दुखतंय."

सर कागदातून मान वर न करता म्हणाले, "वळण्याचं काम चांगलं झालं. जागा सांभाळा." म्हणजे त्यांनाही ते कळलं होतं. माझा चेहरा पडला. मी नवऱ्याकडे असं बघितलं की त्याने डोळे मिटून घेतले.

दुसरा मुलगा आला, तेव्हा त्याने ऐकलं. हात कमरेवर ठेवला, जांघेकडे नेला, सगळं पुस्तकाबरहुकूम. पण अर्ध्यात काहीतरी झालं. तो एका कुशीवर वळला, तोंडातून 'हा' असा आवाज काढला आणि थांबला. पूर्ण थांबला. चेहऱ्यावरच्या सगळ्या आठ्या सुटल्या. खांद्यावरचं ओझं कुणी उतरवून घेतल्यावर माणूस जसा दिसतो तसा दिसला. मी पुन्हा भडकले, ओरडले, मुलाने मला पाणी दिलं. घंटा झाली.

"आता बरं वाटतंय," तो पुटपुटला. "एकदम हलकं."

"हलकं वाटायला तुला सांगितलंय कुणी? अजून कितीतरी मुलं आहेत," मी म्हणाले. पण खरं सांगते, मलाही बरं वाटलं. सकाळपासून मनात कुठेतरी काहीतरी टोचत होतं, ते गेलं. चला, म्हटलं, नाहीतरी पित्तच असेल.

तिसरी मुलगी आत आली आणि मी तिला ओळखलं. गेल्या वर्षी अपेंडिक्सच्या वेळी ती आमच्याकडेच नापास झाली होती. घाबरून पोटाला हातच लावला नव्हता. दुरूनच प्रश्न विचारत राहिली आणि घंटा होऊन गेली. ही तिची पुन्हा दिलेली परीक्षा. तिनेही आम्हाला ओळखलं असणार, कारण पेन काढताना तिच्या हातातून ते दोनदा पडलं.

नवरा उताणा पडला होता. गुडघे वर, हात दोन्ही बाजूंना, श्वास छातीच्या वरवर. अजिबात हलत नव्हता.

माझं डोकं फिरलं. हे गेल्या वर्षीचं! सही न् सही गेल्या वर्षीचं अपेंडिक्स! तेही या मुलीसमोर. बिचारी गोंधळून पुन्हा नापास व्हायची. मी दात ओठ खात गोड आवाजात म्हणाले, "अहो, डॉक्टरांना दाखवा ना, किती तळमळायला होतंय तुम्हाला. झोपवतसुद्धा नाही ना एका जागी?"

त्याने माझ्याकडे बघितलं. हलायचा प्रयत्न केला. एक कोपर टेकला, अंग जरासं उचललं, आणि त्याच्या तोंडून एक आवाज आला. त्याचे सगळे आवाज मी ओळखते, तालमीत मीच बसवलेले. हा त्यातला नव्हता. तो परत खाली पडला आणि त्याने ओठ घट्ट मिटून घेतले.

मुलीने हात धुतले, ते हातावर हात चोळून गरम केले आणि त्याच्या पोटावर ठेवले. अगदी हलके. ती थांबली. मग दुसऱ्या बाजूला ठेवले. पुन्हा थांबली.

"सर," ती म्हणाली, "पोट कडक लागतंय."

सरांनी कार्डावरून वाचलं. "पोट मऊ आहे."

"पण सर…"

"पोट मऊ आहे. पुढे."

मी तिच्याकडे बघत होते. ती तिच्या हाताकडे बघत होती. एक वर्ष वाया गेलेली पोरगी, कोपऱ्यात परीक्षक, आणि समोर गेल्या वर्षी ज्याच्यापाशी नापास झाली तोच पेशंट. "पोट… मऊ," ती म्हणाली. पण हात काढला नाही.

"नाडी?" तिने विचारलं.

"शहाण्णव."

"ताप?"

"नाही."

काहीतरी जमवून घ्यायला हवं म्हणून मी पिशवीत हात घातला. निदान घाम तरी जास्त दाखवू. त्याच्या कपाळावरून थेंब कानापर्यंत ओघळत होते, उशीला डाग पडला होता. बाटली काढली. झाकणावर मी घरून निघताना गुंडाळलेली चिकटपट्टी तशीच होती. कपाळ सकाळपासून ओलंच दिसत होतं, म्हणून ती मी उघडलीच नव्हती.

तेव्हा मला कळलं. एका क्षणात सगळं कळलं. मी त्याच्या कपाळाला हात लावला. वरून गार आणि आतून तापलेलं.

"सर, थांबवा," मी म्हणाले. "यांना खरंच होतंय."

सरांनी मान वर केली आणि घड्याळाकडे बघितलं. भडकण्याची वेळ झालीच होती. मुलगी लगबगीने स्टुलावरून उठली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली, डोळ्यांत बघत शिकवल्यासारखं म्हणाली, "ताई, तुमची काळजी मी समजू शकते. आपण आधी त्यांना दुखणं कमी करणारं औषध देऊ."

"अगं, नाटक नाहीये हे! खरं आहे! काहीतरी करा, मरेल तो!"

"तुम्ही घाबरला आहात हे साहजिक आहे, ताई. मी इथेच आहे."

सरांनी कागदावर एक खूण केली. मला ती खूण दिसली. माझ्या ओरडण्याला त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या, कौतुकाने. मी किंचाळले असते तरी ते अभिनयच ठरलं असतं, कारण सकाळपासून दोनदा मी याच जागी, याच आवाजात हेच शब्द ओरडले होते. मरतील, काहीतरी करा, नुसते प्रश्न काय विचारताय. खरी माणसं जे बोलतात ते सगळं मी आधीच वापरून टाकलं होतं. माझ्या नवऱ्याचे डोळे आता छताकडे लागले होते आणि ओठ निळसर दिसत होते.

कार्डातली बाई जे कधीच बोलणार नाही, असं काय आहे माझ्याकडे?

"मुतखडा," मी म्हणाले. ओरडले नाही, प्रॉम्प्टर देतो तसं स्वच्छ बोलले. "उत्तर मुतखडा आहे. उजव्या बाजूचा, मूत्रपिंडाच्या खालच्या नळीत अडकलेला. दोन वर्षांपूर्वी एक पडून गेलाय. लघवीत रक्त आहे. पुढचा प्रश्न सोनोग्राफीचा आहे. घ्या, फोडलं मी उत्तर. संपली परीक्षा. आता तरी याच्याकडे बघा!"

सरांचं पेन थांबलं.

ते उठले. इतक्या वर्षांत परीक्षा चालू असताना त्यांना खुर्चीतून उठलेलं मी पाहिलं नव्हतं. दोन ढांगांत टेबलापाशी आले, मुलीच्या शेजारी स्वतःची चार बोटं त्याच्या पोटावर ठेवली, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"नाडी बघा," ते मुलीला म्हणाले. "खरी."

तिने मनगट धरलं. तिचे ओठ मोजताना हलत होते. "एकशे तीसच्या वर, सर. नीट लागतही नाहीये." मग रडवेली होऊन म्हणाली, "सर, पोट मऊ नाहीये."

"नाही," सर म्हणाले. "मऊ नाही. स्ट्रेचर आणा."

हॉलमध्ये इतर कप्प्यांतून खोटं कण्हणं चालू होतं. त्यामधून आम्ही त्याला नेलं. लिफ्टने खाली, लांब व्हरांडा, अपघात विभाग. मुलगी स्ट्रेचरची एक बाजू धरून पळत होती, तिला कुणी सांगितलंही नव्हतं. खाली तरुण सर्जन होता. त्याने शर्ट वर केला, पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडे वळला. "कधीपासून दुखतंय? सुरुवात कुठून झाली? आधी कधी झालं होतं?"

आणि मी बोलायला लागले. न अडखळता. "काल दुपारपासून. कमरेतून निघतं, खाली जांघेत जातं. येतं आणि जातं. दोन वर्षांपूर्वी असाच एक खडा…"

तो लिहून घेत होता. खरं सांगते, मला कळतही नव्हतं मी काय बोलतेय. मुलीने माझा दंड धरला. "ताई, ते नाही. ते कार्डावरचं. खरं काय झालंय ते सांगा."

त्या खडेवाल्या माणसाचं दुखणं मला तोंडपाठ होतं. माझ्या नवऱ्याचं दुखणं कधी सुरू झालं, मला माहीत नव्हतं.

"काल रात्री जेवला नाही," मी शेवटी म्हणाले. "बेंबीपाशी चोळत होता. उलटी झाली. मी… मी त्याला शाबास म्हणाले."

"आज?"

"सकाळी म्हणत होता, इथे खाली येऊन बसलंय. मीच त्याला गप्प केलं. आणि मग मध्येच म्हणाला, आता बरं वाटतंय, हलकं वाटतंय."

सर्जनने सरांकडे बघितलं, सरांनी त्याच्याकडे. पुढच्या क्षणी सगळे पळायला लागले.

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर सर माझ्या शेजारी येऊन बसले. मी विचारलं, बरं वाटलं म्हणजे काय झालं होतं? त्यांनी सांगितलं. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला करंगळीएवढी एक बंद नळी लोंबत असते, तेच अपेंडिक्स. तिचं तोंड बुजलं की ती फुगत जाते. आधी दुखणं बेंबीपाशी वाटतं, मग खाली उजवीकडे येऊन बसतं. फुगून फुगून ती फुटते. फुटली की ताण जातो आणि माणसाला घडीभर हलकं वाटतं. मग आतली घाण पोटभर पसरते.

"दुसऱ्या मुलाच्या वेळी," मी म्हणाले.

"हो. मी समोरच होतो." ते हाताची बोटं उघडत-मिटत होते. "त्याने बेंबी म्हटलं तेव्हा मी कागदावर लिहिलं, पेशंट संहिता चुकला."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. माझ्या वाटणीचा सगळा राग मलाच पुरत नव्हता.

ऑपरेशन झालं. सर्जन बाहेर आला, म्हणाला, पू धुऊन काढलाय, पण धोका टळलेला नाही. एवढ्या मारानंतर आतडी संप करून बसतात. ती हलायला लागली तर उत्तम, नाहीतर पुन्हा उघडावं लागेल. नाकातून एक नळी, पोटातून एक, लघवीला एक, अशा तिन्ही बाजूंनी बांधलेला माझा कलावंत वॉर्डात आला. पाण्याचा थेंबही बंद.

मग सुरू झालं ते वाट बघणं. दर फेरीला सर्जन विचारायचा, "वारा सरला का?" नर्स विचारायची, "काका, गॅस पास झाला?" शेजारच्या पलंगावरचा माणूस विचारायचा. जन्मभर प्रेक्षकांसाठी झुरलेल्या माणसाचा एक आवाज ऐकायला अख्खा वॉर्ड कान टवकारून होता. एरवी मी यावर दिवसभर त्याला चिडवलं असतं. पण त्याचं पोट ढोलासारखं फुगत चाललं होतं आणि ताप उतरत नव्हता. मला हसू फुटत नव्हतं.

मुलगी येऊन गेली. तिची परीक्षा पुन्हा घेणार होते. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून म्हणाली, "हाताखाली फळी होती, ताई, आणि मी मऊ म्हणाले." मी तिला जवळ घेतलं. दुसरं काय करणार? सरही आले, दारातच घुटमळले. नियम म्हणजे नियम, आम्हाला आता बोलावता येणार नाही, हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

त्यानंतरच्या सकाळी सर्जनने विचारलं, "सरला का वारा?" आणि माझा नवरा म्हणाला, "हो. पहाटे."

मी आनंदाने उठलेच! सर्जनने स्टेथोस्कोप पोटावर टेकवला, इकडे ठेवला, तिकडे ठेवला, बराच वेळ ऐकलं. "पोट तर अगदी गप्प आहे, काका," तो म्हणाला. "आज संध्याकाळपर्यंत बघू. नाहीतर पुन्हा आत जावं लागेल." तो गेला.

मी पलंगाच्या कडेला बसले. "खोटं बोललास?"

त्याने डोळे मिटून मान हलवली.

"का रे?"

"तुझा चेहरा बघवत नाही."

"आणि त्या दिवशी? रात्रभर दुखत असणार. एकदा नीट खडसावून का नाही सांगितलंस?"

त्याने नाकातली नळी सारखी करायला हात उचलला, तो मी धरला.

"तू शाबास म्हणालीस," तो म्हणाला. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग कसं सांगणार?"

मी रडले. वॉर्डात, सगळ्यांसमोर, पदराने तोंडही न झाकता रडले. मग डोळे पुसले आणि त्या मुलीने केले होते तसे हात चोळून गरम केले. पट्टीच्या बाजूला, जिथे टाके नव्हते तिथे, त्याच्या पोटावर एक हात ठेवला.

"आता सांग. दुखतंय?"

"नाही."

मी हात काढला नाही.

"दुखतंय," तो म्हणाला. "खूप दुखतंय गं. मला भीती वाटतेय."

"कुठे दुखतंय?"

तो शब्द शोधायला लागला. "इथे… म्हणजे आत कुठेतरी… कसं सांगू…" आणि अडकला. माझ्या जिभेवर त्याचं वाक्य तयार होतं, तयार असतंच. मी ते गिळलं. तो पुन्हा सुरू झाला, पुन्हा अडकला, मी पुन्हा थांबले. मी कधी कुणासाठी इतकं थांबले नव्हते. हळूहळू, चुकत माकत, तो सांगत राहिला. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळची पहिली कळ, रात्रीचा घाम, माझ्याकडे पाठ करून उशीत दाबलेलं तोंड, सगळं. सांगता सांगता ऊन पलंगावरून खाली जमिनीवर गेलं.

तेव्हा माझ्या तळहाताखाली, खूप आतून, काहीतरी गुडगुडलं. त्याने बोलणं थांबवलं. आम्ही दोघंही हललो नाही.

"हे मी केलं नाही," तो हळूच म्हणाला.

"माहितीये," मी म्हणाले. "तू बोल. मी ऐकतेय."